दगडात कोंडलेला वायू

गॅस वेल्डिंगचं जुनं दुकान आठवून पाहा. लसणासारखा उग्र दर्प आणि गटाराच्या कडेला ओतलेला पांढरा चिखल. दुकानातल्या लोखंडी टाकीत कॅल्शियम कार्बाइडचे करडे खडे पाण्याला भेटले की फसफसून ॲसिटिलीन वायू निघतो. तो ज्योतीकडे जातो, मागे राहतो भिजलेला चुना. तो दर्प मात्र ॲसिटिलीनचा नव्हे. खड्यांत फॉस्फरसची थोडी भेसळ असते, तिच्यापासून फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो आणि वास मुख्यतः त्याचा येतो. आंब्याच्या पेटीत कार्बाइडची पुडी टाकायला बंदी आहे, त्यामागे ही भेसळही आहेच.

हा बदनाम खडा आता सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत शिरतो आहे, तोही ‘शाश्वत’ कच्चा माल म्हणून.

ॲसिटिलीनचा रेणू अगदी लहान: दोन कार्बन, त्यांच्यात तिहेरी बंध, दोन्ही टोकांना एकेक हायड्रोजन. त्या तिहेरी बंधातला एक बंध सुटला की तिथे दुसरा रेणू जोडता येतो, आणि या जोडणीत एकही अणू वाया जात नाही. इतका सोयीचा रेणू असूनही संशोधक त्याला बिचकतात, ते सिलिंडरमुळे. ॲसिटिलीन नुसता दाबून भरता येत नाही. दाब वाढला की हवा नसतानाही तो स्वतःच विघटन पावून फुटू शकतो. म्हणून सिलिंडरमध्ये आधी सच्छिद्र पदार्थ ठासतात, तो ॲसिटोननं भिजवतात आणि त्यात वायू विरघळवतात. गळती झाली तर हवेत जेमतेम 2.5 टक्के ॲसिटिलीनही स्फोटाला पुरतो. चिमूटभर पदार्थ बनवण्यासाठी एवढं लोढणं कोण गळ्यात बांधून घेणार?

खड्याचं तसं नाही. कोरडा ठेवला तर तो वर्षानुवर्षं डब्यात पडून राहतो, आणि हवा तेवढाच वायू मोजून काढता येतो. 64 मिलिग्रॅम शुद्ध कार्बाइडमधून साधारण 24 मिलिलिटर वायू मिळतो, म्हणजे चहाचे पाच चमचे भरतील एवढा. फुटायला शिल्लक काही उरतच नाही.

या दिशेनं सातत्यानं काम केलं ते रशियातल्या व्हॅलेंटिन अनानिकोव्ह आणि कॉन्स्टँटिन रोडिगिन यांच्या गटांनी. त्यांची एक युक्ती मला फार आवडते. इंग्रजी एच अक्षरासारखी, वरून जोडलेली दोन दालनांची काचनळी घ्यायची. एका दालनात कार्बाइड आणि पाणी, दुसऱ्यात खरी अभिक्रिया. झाकण लावलं की वायू गुपचूप पलीकडे जातो आणि चुन्याचा चिखल अलीकडेच राहतो. काही अभिक्रियांत तर दालनंही लागत नाहीत, सगळं एकाच भांड्यात उरकतं. थायोल नावाच्या गंधकयुक्त रेणूंना व्हिनिल गट, म्हणजे दुहेरी बंधानं जोडलेल्या दोन कार्बनांचा तुकडा, जोडताना असंच करतात.

साध्या पाण्याऐवजी जड पाणी, म्हणजे हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम असलेलं पाणी, घातलं तर आणखी गंमत. ॲसिटिलीनमधले दोन्ही हायड्रोजन कार्बाइडमधून येतच नाहीत, ते पाण्याचे असतात. त्यामुळे जड पाण्यातून थेट ड्युटेरियमयुक्त ॲसिटिलीन मिळतो. अशा खुणेच्या अणूंमुळे एखादा रेणू अभिक्रियेत कुठून कुठे गेला, याचा माग काढता येतो. सिलिंडरवाल्याकडे हे मागून पाहा!

आता ‘शाश्वत’ या शब्दाकडे. तो मला इतक्या सहज पचत नाही. 1892 मध्ये थॉमस विल्सन हे कॅनडाचे संशोधक अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात ॲल्युमिनियमच्या मागे लागले होते. चुना आणि डांबर विजेच्या भट्टीत तापवल्यावर धातूऐवजी ठिसूळ करडा गोळा निघाला. पाण्यात टाकल्यावर त्यातून आलेला वायू हायड्रोजन असेल असं वाटलं, पण तो काजळी धरत जळला. कार्बाइडच्या कारखानदारीची ही सुरुवात. आजही कृती तीच आहे: कळीचा चुना, कोक (दगडी कोळसा भाजून केलेला कार्बन) आणि 2000 अंश सेल्सिअसहून जास्त उष्णता. टनामागे 3000 युनिटांच्या आसपास वीज जाते. ती वीज कोळशाची असेल, तर धुरांड्याचा पत्ता बदलला, एवढंच.

खरी मेख चुन्यात आहे. चुनखडी भाजून कळीचा चुना करताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. हिशेब केला तर एक टन शुद्ध कार्बाइडपुरत्या चुन्यामागे सुमारे 690 किलो. पण वेल्डिंगच्या दुकानाबाहेरचा तो चिखल आठवतो ना? तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड आहे. तो तापवला तर नुसतं पाणी उडून जातं आणि कळीचा चुना परत मिळतो. तोच पुन्हा भट्टीत घालायचा, कोकऐवजी लाकडी कोळसा वापरायचा आणि वीज सूर्याची किंवा धरणाची घ्यायची. अशानं कॅल्शियम फिरत राहतो आणि कार्बन झाडांकडून येतो. लोणारी कोळशाचा कार्बाइड बनतो, हे प्रयोगांत दिसलंही आहे.

अडचण एवढीच की फेरीगणिक फॉस्फरस आणि गंधकाची भेसळ चुन्यात साठत जाते. चिखल आधी धुऊन घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या फेरीच्या खड्यांना तो लसणाचा वास आणखी उग्र येईल.