कालमापन कक्ष, स्की शर्यतींचा

स्पर्धकांच्या सुटण्याच्या व पोहोचण्याच्या वेळा जेथे नोंदवल्या जातात, ती समाप्तिरेषेलगतची खोली किंवा तात्पुरती केबिन. उतारावरील शर्यतींत (डाउनहिल, सुपर-जी, जायंट स्लालम, स्लालम) स्पर्धक एकेकटे सुटतात आणि आरंभस्थान खालून सहसा दिसत नाही. कक्षाची मांडणी याच अडचणीतून ठरते.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या (स्थापना १९२४) नियमांनुसार महत्त्वाच्या स्पर्धांत परस्परांपासून विद्युतीय दृष्ट्या अलग अशा अ आणि ब या दोन यंत्रणा लागतात. आरंभद्वाराच्या दांडीत स्वतंत्र स्विच असतात. नडगीच्या धक्क्याने दांडी उघडली की एक स्पंद अ-कडे आणि दुसरा ब-कडे जातो. समाप्तिरेषेवर फोटोसेलही (प्रकाशकिरण तुटताच स्पंद देणारी साधने) दुहेरी असतात. दोन्ही घड्याळे शर्यतीपूर्वीच्या तासाभरात जुळवतात. अ निकामी झाल्यास ब-वरील निव्वळ वेळ (पोहोचण्याच्या नोंदीतून सुटण्याची नोंद वजा करून येणारी) धरतात. एकीची सुटण्याची आणि दुसरीची पोहोचण्याची नोंद घेऊन वजाबाकी करणे नियमबाह्य आहे.

फोटोसेलचा वापर साधारणपणे १९४८ च्या सेंट मॉरिट्झ ऑलिंपिकपासून सांगितला जातो. शतांश सेकंद केव्हा रूढ झाला, हे ठरवताना निकालपत्रके अधिक भरवशाची वाटतात. १९६० साली स्क्वॉ व्हॅलीत डाउनहिल विजेत्या झां व्ह्यार्नेची वेळ दशांशापर्यंत (२ मि. ६.० से.), तर १९६४ साली इन्सब्रुकला एगोन त्सिमरमानची शतांशापर्यंत (२ मि. १८.१६ से.) आढळते, ऑलिंपिकपुरता तरी हा बदल या दोहोंमधला मानावा. आज यंत्रे सहस्रांश मोजतात. पण वजाबाकीनंतर तिसरा अंक पूर्णांकन न करता सोडून देतात. म्हणजे १ मि. ४१.५७० से. आणि १ मि. ४१.५७९ से. या वेळा सारख्याच ठरतात. २०१४ साली सोचीत दोमिनिक गिसिन व टिना माझे यांना १ मि. ४१.५७ से. या वेळेवर डाउनहिलचे सुवर्णपदक विभागून मिळाले. ताशी १०० किमी. वेगाने सहस्रांश सेकंदात जेमतेम ३ सेंमी. अंतर कापले जाते. किरण हाताने तुटला की बुटाने, एवढ्यानेही तितका फरक पडावा. तेव्हा ही काटछाट रास्तच म्हणावी लागेल. क्रॉस-कंट्रीत (लांब पल्ल्याच्या स्की शर्यतींत) तर १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये १५ किमी. शर्यत टोमास वासबर्गने युहा मिएटोवर अवघ्या ०.०१ सेकंदाने जिंकल्यानंतर मोजणी पुन्हा दशांशावर आणली गेली.

आरंभी व शेवटी हाताने वेळ घेणारे कर्मचारी असतातच. दोन्ही यंत्रणा चुकल्या, तर दहा स्पर्धकांच्या हस्तनोंदी व विद्युत् नोंदी यांतील फरकांची सरासरी काढून तिने हस्तनोंद दुरुस्त करतात.