इसार देण्यापूर्वी क्रेडिट अहवाल पाहून घ्या: गृहकर्ज घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गृहकर्जाची फाईल तयार करून घेण्यासाठी आमच्या कार्यालयात येणाऱ्या बहुतेक ग्राहकांजवळ पगारपत्रके, आयकर विवरणपत्रे, बँकेचे खातेउतारे आणि फ्लॅटचे कागद व्यवस्थित लावलेले असतात. नसतो तो फक्त क्रेडिट अहवाल, म्हणजे आपण घेतलेली कर्जे, क्रेडिट कार्डे आणि त्यांची परतफेड यांची नोंद. त्याऐवजी मोबाईलवरील एखाद्या ॲपमधील गुणांकाचा, म्हणजे या नोंदींवरून काढलेल्या आणि बोलण्यात ‘सिबिल’ म्हटल्या जाणाऱ्या आकड्याचा, स्क्रीनशॉट दाखवून ‘सिबिल सातशे साठ आहे, मग अडचण कसली?’ असे विचारले जाते. काही ग्राहक तर ‘सिबिल तपासू नका, तपासले की कमी होते’ अशी विनंती करतात. या दोन समजांपायी अनेकांचा महिना-दीड महिना वाया जातो, आणि तोही नेमका साठेखताची मुदत चालू असताना. म्हणून आम्ही हे सविस्तर लिहून देत आहोत.

स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक कमी होत नाही. आपण कर्जासाठी अर्ज केल्यावर बँक किंवा वित्तसंस्था आपला अहवाल मागवते, तेव्हा ‘एन्क्वायरी’ म्हणून त्याची नोंद होते. त्या नोंदीत संस्थेचे नाव, तारीख, कर्जाचा प्रकार आणि रक्कम असते आणि ती पुढच्या प्रत्येक बँकेला दिसते. थोड्या दिवसांत अशा पाच-सहा नोंदी झाल्या, की अर्जदाराला पैशांची फार निकड आहे किंवा इतरांनी त्याला नाकारले आहे, असा अर्थ बँकेचा अधिकारी काढतो आणि गुणांकावरही त्याचा काही परिणाम होतो. आपण स्वतः कितीही वेळा अहवाल पाहिला तरी त्याचा असा परिणाम होत नाही.

आता ज्या चुकीमुळे सर्वांत जास्त वेळ जातो तिच्याकडे वळू. फ्लॅट पसंत पडतो, बिल्डरला किंवा जुन्या मालकाला इसार दिला जातो, साठेखत होते आणि त्यात उरलेली रक्कम ठरावीक मुदतीत देण्याचे कबूल केले जाते. त्यानंतर ग्राहक एकाच आठवड्यात दोन बँका, एक गृहवित्त कंपनी आणि एक-दोन ॲप अशा सगळीकडे ‘कुठेतरी होईल’ या हिशेबाने अर्ज करतो. पहिला नकार आला की तो आमच्याकडे येतो. अहवाल उघडल्यावर त्यात सहा वर्षांपूर्वी बंद केल्याची समजूत असलेले, पण प्रत्यक्षात कधीही बंद न झालेले क्रेडिट कार्ड सापडते. वार्षिक शुल्काचे काही शे रुपये थकलेले असतात, त्यांवर विलंबशुल्क आणि व्याज चढलेले असते आणि शेवटी बँकेने ते खाते ‘रिटन ऑफ’, म्हणजे वसुली न झाल्याने हिशेबातून काढून टाकलेले, म्हणून नोंदवलेले असते. थकलेली रक्कम किरकोळ असली, तरी त्या दोन शब्दांमुळे फाईल पुढे सरकत नाही.

ही रक्कम ग्राहक एका दिवसात भरू शकतो, परंतु अहवालातील नोंद एका दिवसात बदलत नाही. संबंधित बँकेने खाते बंद केल्याचे पत्र द्यावे लागते, तिने क्रेडिट माहिती कंपनीकडे, म्हणजे हा अहवाल तयार करणाऱ्या कंपनीकडे, सुधारित माहिती पाठवावी लागते आणि नंतर ती अहवालात उतरते. तक्रार केल्यास तिचे निवारण ३० दिवसांत व्हावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यांपैकी २१ दिवस बँकेला सुधारित माहिती पाठवण्यासाठी मिळतात. ३० दिवसांहून अधिक विलंब झाल्यास तक्रारदाराला दररोज १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरतूद चांगली आहे, मात्र साठेखताची मुदत संपत आलेली असताना आणि करारात इसार जप्त करण्याची अट असताना दिवसाचे शंभर रुपये कोणाला पुरणार? हेच काम इसार देण्यापूर्वी केले असते, तर त्या ३० दिवसांत काहीही अडले नसते.

आम्ही ॲपमधील आकडा न पाहता पूर्ण अहवाल का मागतो, हे यावरून लक्षात येईल. काही ग्राहकांना ही विनाकारण अडवणूक वाटते. परंतु गुणांक हा अहवालाचा केवळ सारांश आहे, तर बँकेचा अधिकारी प्रत्येक खात्याची ओळ वाचतो. मागील ३६ महिन्यांपर्यंत प्रत्येक महिन्यात हप्ता किती दिवस उशिरा भरला, हे त्यात आकड्यांत लिहिलेले असते. तेथे ‘०००’ असेल तर हप्ता वेळेवर भरला गेला आणि ‘०३०’ असेल तर तीस दिवसांची थकबाकी झाली, असा अर्थ होतो. एकूण गुणांक चांगला असूनही एका खात्यापुढे ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण रक्कम न भरता तडजोडीने मिटवलेले, असे लिहिलेले असल्यामुळे कर्ज नाकारले गेल्याची प्रकरणे आम्ही हाताळली आहेत.

शिवाय गुणांक एकच नसतो. आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, पण भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार क्रेडिट माहिती कंपन्या २००५ च्या कायद्याखाली काम करतात. प्रत्येकीची गणनापद्धत वेगळी असून नेमके सूत्र कोणीही जाहीर करत नाही. म्हणून ॲपवर ७६० आणि बँकेत ७२५ दिसले, तर बँकेने फसवले असे समजू नये. ॲपने एका कंपनीचा आणि बँकेने दुसऱ्या कंपनीचा अहवाल पाहिलेला असू शकतो. गुणांक ३०० ते ९०० या दरम्यान असतो. ‘७५० च्या खाली कर्ज मिळतच नाही’ असा नियम रिझर्व्ह बँकेने केलेला नाही. प्रत्येक बँक आपली मर्यादा स्वतः ठरवते आणि अनेक बँकांत गृहकर्जाचा व्याजदरही गुणांकाप्रमाणे बदलतो. कर्ज द्यायचे की नाही हा निर्णय बँकेचा असतो, क्रेडिट माहिती कंपनीचा नव्हे.

अहवालात काय येते आणि काय येत नाही, याविषयीही बराच गोंधळ आढळतो. मोठा पगार, बचत खात्यातील शिल्लक, मुदत ठेवी, विमा पॉलिसी, सोने किंवा वेळेवर भरलेला आयकर यांमुळे गुणांक वाढत नाही. या गोष्टी बँक अर्ज तपासताना स्वतंत्रपणे पाहते. गुणांक ठरतो तो घेतलेल्या कर्जाच्या आणि क्रेडिट कार्डांच्या वर्तनावरून. म्हणूनच आयुष्यभर एक रुपयाही उसना न घेतलेल्या सद्गृहस्थाच्या अहवालात गुणांकाच्या जागी उणे एक दिसते आणि त्यांना ते अपमानास्पद वाटते. त्याचा अर्थ एवढाच, की मोजण्यासारखा इतिहास उपलब्ध नाही. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितले आहे. तरीही ज्यांना वर्षभराने घर घ्यायचे आहे, त्यांनी मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड घेऊन, थोडा वापर करून पूर्ण बिल वेळेवर भरत राहणे हा चांगला मार्ग आहे.

सहकारी पतसंस्थेचे कर्ज नियमित फेडलेल्या ग्राहकांची तक्रार आम्हाला मनापासून पटते. इतकी वर्षे एकही हप्ता न चुकवता अहवालात त्याचा मागमूस नसतो, कारण बहुतेक पतसंस्था क्रेडिट माहिती कंपन्यांना माहिती देत नाहीत. सहकारी बँकांचे तसे नाही. अशा ग्राहकांनी पतसंस्थेचा खातेउतारा आणि कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला जरूर आणावा. गुणांकात त्याची भर पडत नसली, तरी फाईलसोबत तो जोडल्यास अधिकाऱ्याच्या मनावर त्याचा प्रभाव पडतो, असा आमचा अनुभव आहे.

याउलट, जे आपले कर्ज आहे असे वाटतच नाही, ते अहवालात हमखास येते. चुलतभावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला आपण जामीन राहिलो असलो, तर ते खाते ‘गॅरंटर’ म्हणून आपल्याही अहवालात दिसू शकते आणि त्याचे हप्ते थकले तर त्याची झळ आपल्याला बसते. दुकानातून ‘बिनव्याजी हप्त्यांवर’ घेतलेला मोबाईल किंवा फ्रीज हेही वित्तसंस्थेने दिलेले कर्जच असते. खात्यात शिल्लक नसल्याने त्याचा एक हप्ता परत गेला आणि आठवड्याने भरला, तरी तो उशीर नोंदला जाऊ शकतो. बँका आणि वित्तसंस्था जानेवारी २०२५ पासून किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवतात, त्यामुळे ‘महिनाअखेरपर्यंत भरले की चालते’ हा जुना हिशेब आता सोडावा.

‘सेटलमेंट’बद्दल मात्र आम्हाला कळकळीने सांगावेसे वाटते. वसुली करणारा मनुष्य ऐंशी हजारांच्या थकबाकीवर तीस हजारांत प्रकरण मिटवण्याची तयारी दाखवतो, बँकेचे पत्रही मिळते आणि ग्राहकाला वाटते की विषय संपला. बँकेच्या दृष्टीने तिने पन्नास हजारांवर पाणी सोडलेले असते आणि अहवालात खाते ‘क्लोज्ड’ ऐवजी ‘सेटल्ड’ असे नोंदले जाते. क्रेडिट माहिती कंपन्यांना अशी माहिती किमान सात वर्षे जपून ठेवावी लागते. शक्य असल्यास उरलेली रक्कम नंतर भरून बँकेकडून पूर्ण परतफेडीचे ‘नो ड्यूज’ पत्र घ्यावे आणि नोंद ‘क्लोज्ड’ करून घेण्याची लेखी मागणी करावी. जुन्या उशिरांच्या खुणा त्याने पुसल्या जात नाहीत, पण नव्या बँकेपुढे उभे राहण्याजोगी स्थिती येते. ज्यांच्यावर खरोखरच संकट कोसळले होते त्यांना आम्ही दोष देत नाही. फक्त सही करण्यापूर्वी हा परिणाम माहीत असावा, एवढीच आमची इच्छा आहे.

क्रेडिट कार्डाचे ‘किमान देय’ भरल्यास उशिराची नोंद होत नाही हे खरे, परंतु उरलेल्या रकमेवर जबर व्याज लागते आणि मर्यादेच्या मानाने वापर मोठा दिसत राहतो. वापर मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवावा, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. जुने, नीट चाललेले कार्ड घराच्या अर्जाच्या तोंडावर बंद करू नये, कारण त्याने एकूण मर्यादा घटते.

नावांच्या सारखेपणामुळे होणाऱ्या चुकाही कमी नाहीत. आपल्याकडे एकाच गावात एकच नाव, वडिलांचेही तेच नाव आणि आडनावही तेच असलेल्या व्यक्ती असतात आणि एकाचे कर्ज दुसऱ्याच्या अहवालात जाऊन बसते. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींच्या बाबतीत माहेरच्या नावावरील जुने खाते आणि नव्या नावावरील खाते यांचा मेळ बसत नाही. म्हणून अहवाल वाचताना प्रथम नाव, जन्मतारीख, पॅन आणि पत्ते तपासावेत, मग खाती पाहावीत. चूक आढळल्यास संबंधित कंपनीच्या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार नोंदवता येते. ३० दिवसांत निवारण न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

‘पैसे द्या, पंधरा दिवसांत सिबिल वाढवून देतो’ असे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे. चुकीची नोंद दुरुस्त करता येते, खरी नोंद कोणालाही खोडता येत नाही, आणि कर्ज देणाऱ्या संस्थेने दुजोरा दिल्याशिवाय क्रेडिट माहिती कंपनी स्वतःहून खात्यात बदल करत नाही. आम्ही असे आश्वासन कधीही देत नाही, त्यामुळे काही ग्राहक नाराज होऊन अन्यत्र जातात. तरीही आमची पद्धत बदलण्याचा आमचा विचार नाही.

प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा आपला हक्क २०१७ पासून आहे. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून, स्वतःच्या मोबाईलवर, स्वतः तो उतरवून घ्यावा. ओटीपी कोणालाही सांगू नये, आमच्या कार्यालयातील माणसालाही नाही. उतरवलेल्या अहवालाची सर्व पानांसह छापील प्रत आणावी. तो आपल्यासमोर वाचून समजावून देण्याचे शुल्क आम्ही घेत नाही आणि नंतर फाईल आमच्याकडेच करावी अशी अटही घालत नाही. दुरुस्ती आवश्यक असल्यास तक्रारीचा मजकूर आणि बँकेला द्यायचे पत्र आम्ही तयार करून देतो. अहवाल स्वच्छ असल्यास आपले उत्पन्न, वय आणि मालमत्तेचे कागद पाहून ज्या एका बँकेत मंजुरीची शक्यता सर्वाधिक आहे तेथेच प्रथम अर्ज करतो, आणि तिचे उत्तर येईपर्यंत दुसरीकडे फाईल देत नाही. या शिस्तीमुळे पहिल्या आठवड्यात काम सावकाश वाटते, परंतु पाच ठिकाणी एकदम अर्ज करून पाच नोंदी ओढवून घेण्यापेक्षा ते लवकर पूर्ण होते.

पती-पत्नी किंवा वडील-मुलगा संयुक्त अर्ज करणार असतील, तर दोघांचेही अहवाल आणावेत. गुणांक प्रत्येकाचा स्वतंत्र असतो, पण बँक दोन्ही तपासते आणि सहअर्जदाराच्या जुन्या थकबाकीमुळेही अर्ज अडतो. सहअर्जदार नोकरीनिमित्त परगावी किंवा परदेशी असल्यास त्यांनी अहवाल स्वतः उतरवून आपल्याकडे पाठवावा आणि आपण तो आमच्याकडे आणावा. अहवाल तीस दिवसांपेक्षा जुना नसावा. शनिवारी गर्दी असते. खाती अधिक असतील किंवा एखादे खाते ‘सेटल्ड’ असेल, तर इतर दिवशी आधी फोन करून निवांत वेळ ठरवून यावे.