टीआय-८४ प्लस कॅल्क्युलेटरवरील प्रोग्रॅमिंग साधने

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८४ प्लस (२००४) आणि टीआय-८४ प्लस सीई (२०१५) या ग्राफिंग कॅल्क्युलेटरांसाठी प्रोग्रॅम लिहिण्याच्या भाषा व साधने. यांची तुलना बहुधा वेगावरून होते; पण प्रोग्रॅम कुठे लिहायचा आणि कंपनी तो चालू देते का, हे प्रश्न जास्त निर्णायक ठरतात.

टीआय-बेसिक ही भाषा कॅल्क्युलेटरमध्येच असते. तिच्यात आज्ञा अक्षरागणिक टाइप होत नाही. मेनूतून अख्खी निवडावी लागते आणि ती साठवायला एक-दोन बाइट पुरतात. बाइट वाचवण्यासाठी ओळीच्या शेवटचा कंस गाळण्याची सवय इथलीच. ‘गोटू’ (प्रोग्रॅममधल्या खुणेकडे, म्हणजे लेबलाकडे, उडी मारण्याची आज्ञा) मात्र महागात पडते, कारण लेबलाचा शोध दरवेळी प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीपासून सुरू होतो.

वेग हवा असेल, तर असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरला थेट आज्ञा देणारी भाषा. मूळ यंत्रात १५ मेगाहर्ट्‌झचा झेड-८० प्रोसेसर आहे, सीईमध्ये ४८ मेगाहर्ट्‌झचा ईझेड-८०. कोड संगणकावर लिहून केबलने पाठवायचा. एखादी चूक राहिली, तर यंत्र गोठू शकते आणि रॅम (तात्पुरती मेमरी) पुसली जाऊ शकते. म्हणून सीईसाठी लिहिणारे आधी ‘सीईएमयू’ या एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर कॅल्क्युलेटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चाचणी घेतात. त्यातला डीबगर (चुका शोधण्याचे साधन) फार उपयोगी आहे.

सीईसाठी हौशी प्रोग्रॅमरांनी ‘क्लँग’ या कंपायलरवर (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमवर) आधारलेला सी भाषेचा टूलचेन, म्हणजे साधनांचा संच, तयार केला. आज गंभीर कामासाठी तोच सोयीचा. पण त्यात ‘इंट’ (पूर्णांक साठवण्याचा प्रकार) २४ बिटांचा असतो, म्हणजे कमाल मूल्य ८३,८८,६०७. संगणकावरचा, मोठ्या ‘इंट’वर विसंबलेला कोड जसाच्या तसा आणला, तर इथेच फसगत होते. जुन्या कृष्णधवल यंत्रांसाठीची ‘ॲक्स’ ही भाषा वेगळ्या वाटेने जाते: तिचा कंपायलर कॅल्क्युलेटरवरच चालतो. संगणक जवळ नसला, तरी वर्गात बसल्या बसल्या गेम लिहिता येतो, ही तिची खरी गंमत.

२०२० मध्ये कंपनीने परीक्षेतील सुरक्षिततेचे कारण देऊन सीईच्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिममधून असेंब्ली व सी प्रोग्रॅम चालवण्याची सोय काढून टाकली. त्याच वर्षी ‘आर्टिफाइस’ या पळवाटेने ती परत मिळवली गेली. पाठोपाठ आलेल्या पायथन आवृत्तीत पायथनसाठी वेगळा एआरएम प्रोसेसर बसवला आहे. शाळेत शिकवायला ही भाषा सोपी, पण तिच्या वाट्याला मेमरी थोडीच येते. मोठा गेम लिहू पाहणारा शेवटी सीकडेच वळतो.