मागाची फणी आणि रेडिओ लहर

बेळगावातल्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत अजून माग चालतात. मागावरची फणी, म्हणजे ताण्याचे धागे सारख्या अंतरावर धरणारी आणि बाण्याचा धागा ठोकून बसवणारी चौकट, जवळून पाहिली तर तिच्या दोन काठांमध्ये पोलादाच्या शेकडो चपट्या तारा अगदी बारीक फट ठेवून एकमेकींना समांतर बसवलेल्या दिसतात. अशी एक जुनी फणी मी ओळखीच्या विणकराकडून मागून आणली आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ३ सेंटीमीटर तरंगलांबीच्या सूक्ष्मलहरींच्या, म्हणजे आखूड रेडिओ लहरींच्या, वाटेत धरली. पाठवणाऱ्या हॉर्नमधून, म्हणजे कर्ण्याच्या आकाराच्या अँटेनातून, निघणाऱ्या लहरीचे विद्युतक्षेत्र उभ्या दिशेत कंप पावत होते. फणीच्या तारा आडव्या होत्या तोवर समोरच्या, ग्रहण करणाऱ्या हॉर्नला जोडलेल्या मीटरचा काटा फणी नसतानाच्या जागेवरून फारसा ढळला नाही. त्या उभ्या केल्या आणि काटा शून्याजवळ जाऊन बसला.

विद्यार्थ्यांचा अंदाज दरवेळी नेमका याच्या उलट असतो, आणि त्यांना दोष देता येत नाही. खिडकीच्या उभ्या गजांमधून उभी धरलेली पट्टी सहज बाहेर निघते, आडवी अडकते, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेले असते. कुंपणाच्या फटीतून हेलकावणाऱ्या दोरीचे चित्रही हेच सांगते. पण रेडिओ लहर ही फटीतून सरकणारी वस्तू नव्हे. तिचे विद्युतक्षेत्र धातूतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांना ढकलते आणि पुढचे सगळे त्या इलेक्ट्रॉनांना किती लांब धावता येते यावर ठरते. क्षेत्र तारेच्या लांबीला समांतर असेल तर इलेक्ट्रॉन तारेभर मागेपुढे धावतात, तारेत प्रवाह वाहतो आणि ती तार स्वतःच लहरी प्रक्षेपित करू लागते. या नव्या लहरी पुढच्या बाजूला मूळ लहरीला जवळजवळ पूर्ण खोडून काढतात आणि मागच्या बाजूला परावर्तित लहर म्हणून परत जातात. क्षेत्र तारेला काटकोनात असेल तर इलेक्ट्रॉनांना तारेच्या जाडीएवढीच जागा मिळते, म्हणण्यासारखा प्रवाह वाहत नाही आणि लहर जणू मध्ये काही नाहीच अशी पुढे निघून जाते.

अट एवढीच की तारांमधले अंतर तरंगलांबीपेक्षा बरेच लहान हवे. पापड भाजायची जाळी या कामाला चालत नाही, कारण तिच्यात तारा दोन्ही दिशांनी असल्यामुळे ती उभे क्षेत्रही अडवते आणि आडवेही.

हा प्रयोग पहिल्यांदा केला तो हाइनरिख हर्ट्झ यांनी, १८८८ मध्ये, जर्मनीतील कार्ल्सरूह येथे. त्यांच्या लहरी सुमारे ६६ सेंटीमीटरच्या होत्या, त्यामुळे त्यांची ‘फणी’ही तशीच मोठी होती: सुमारे दोन मीटरची अष्टकोनी लाकडी चौकट, तिच्यावर १ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारा, ३ सेंटीमीटर अंतराने. पुढे काही वर्षांतच कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी तरंगलांबी काही मिलिमीटरपर्यंत खाली आणली आणि रेल्वे वेळापत्रकाच्या जाडजूड ब्रॅडशॉ पुस्तकाच्या पानापानांत कथिलाचा वर्ख घालून ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेतले क्षेत्र पुढे सोडणारे साधन, तयार केला. मला स्वतःला हे पुस्तक हर्ट्झच्या चौकटीपेक्षा जास्त आवडते.

आपल्याकडे हे तत्त्व छपरांवरही दिसते. खानापूर तालुक्यातल्या पावसाळी वाऱ्यात भरीव डिश टिकवणे कठीण, म्हणून दूरच्या इंटरनेट जोडणीसाठी समांतर सळ्यांची डिश लावतात; वारा सळ्यांमधून निघून जातो, लहर मात्र परावर्तित होते. एका गावात बसवणाऱ्याने डिश तशीच ठेवून मधला फीड, म्हणजे डिशसमोरचा छोटा अँटेना, तेवढा ९० अंशांनी फिरवला होता. सिग्नल का मिळत नाही म्हणून दोन दिवस केबल तपासली गेली, आणि डिश तेवढा वेळ वाऱ्यासाठी होती तशीच त्या लहरीसाठीही मोकळी होती.

फणीचा शेवटचा प्रयोग मी मुद्दाम राखून ठेवतो. ग्रहण करणारा हॉर्न ९० अंशांनी फिरवला की काटा शून्यावर येतो. मग दोन हॉर्नच्या मध्ये फणी तिरपी, ४५ अंशांत धरतो. वाटेत धातूचा अडथळा आला, तरी काटा वर चढतो, कारण तिरपी फणी उभ्या क्षेत्रातला आपल्या तारांना काटकोनातला घटक तेवढा पुढे सोडते, आणि त्या तिरप्या क्षेत्राचा काही अंश आता आडव्या हॉर्नच्या दिशेत असतो. दोनदा ४५ अंशांचा हिशोब केला तर मूळ शक्तीचा एक चतुर्थांश भाग पलीकडे पोचायला हवा. आमच्या फणीला गंज चढलेला आहे आणि तिच्या काही तारा वाकलेल्या आहेत, त्यामुळे आमचा काटा त्याच्या थोडा खालीच थांबतो.