काचेच्या आतल्या बाजूचं पाणी

जानेवारीत सकाळी उठलं की मँचेस्टरच्या आमच्या भाड्याच्या घरात पहिलं काम ठरलेलं. बेडरूमच्या खिडकीची काच पुसायची आणि फडकं बादलीत पिळायचं. अर्धी वाटी पाणी सहज निघायचं. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे काळ्या बुरशीचे ठिपके उमटले होते. घरमालकाने पाहिलं आणि निदान करून टाकलं, ‘तुमच्या घरात स्वयंपाक फार होतो.’

होतो, हे खरंच. पण नुसता गॅस जळला तरी पाणी तयार होतं, कारण इंधनातल्या हायड्रोजनची ऑक्सिजनशी गाठ पडली की त्याची वाफ होते. आपल्याकडचा १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघराच्या हवेत सुमारे २२ लिटर पाणी सोडून जातो, आणि यात कुकरची वाफ धरलेली नाही. त्यात भर श्वासाची, अंघोळींची, खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर वाळत घातलेल्या कपड्यांची. चौघांचं कुटुंब दिवसाला साधारण १० लिटर पाणी हवेत सोडतं. हे पाणी बाहेर का जात नाही, असं मात्र घरमालकाने विचारलं नाही.

२० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ धरते, १० अंशांना जेमतेम साडेनऊ. खोली २० अंशांना आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांपेक्षा थंड काचेवर दव धरणारच. बुरशीला तर दवाचीही गरज नसते. भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास टिकून राहिली की तिचं भागतं, म्हणजे याच खोलीत १५ अंशांची भिंत पुरे. कपाटामागे ऊब पोचत नाही, म्हणून सुरुवात तिथून.

जुन्या ब्रिटिश घरांत कोळशाच्या शेगड्या होत्या आणि त्यांची धुराडी दिवसभर खोलीतली हवा ओढून घेत. लंडनच्या १९५२ च्या विषारी धुरक्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. पुढे कोळसा गेला, धुराडी बुजली, दुहेरी काचा आल्या. फटी बुजवताना वाफेची वाटही बुजली. आमच्याकडे तर खिडकीच्या चौकटीतल्या हवेच्या फटीवर आधीच्या भाडेकरूने चिकटपट्टी लावून ठेवली होती! थंडीत कुणीही लावेल.

यावर तिथला एक उपाय म्हणजे सबंध घराला मिळून एकच वायुवीजन. सर्वांत साधा प्रकार असा: छपराखालच्या माळ्यावर एक छोटा पंखा बसवतात. तो गाळलेली हवा जिन्यावरच्या छतातून सतत, अगदी हळू घरात ढकलतो. घरातला दाब किंचित वाढतो आणि दमट हवा फटींतून बाहेर पडते. स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये हवा बाहेर फेकणारा पंखा तरीही लागतोच.

पण बाहेर रिपरिप चालू असताना तीच हवा आत घेऊन घर कोरडं कसं होणार? ५ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा अंगाला ओली लागते, पण तिच्या घनमीटरमध्ये वाफ असते फक्त ६ ग्रॅम. हीच हवा घरात २० अंशांना आली की तिची आर्द्रता सुमारे ३४ टक्क्यांवर येते. इंग्लंडचे बांधकाम नियम तीन बेडरूमच्या घराला सेकंदाला किमान ३१ लिटर ताजी हवा मागतात, म्हणजे तासाला सुमारे ११२ घनमीटर. आत येणारा प्रत्येक घनमीटर ६ ग्रॅम वाफ आणतो आणि बाहेर जाणारा, २० अंशांचा आणि ६० टक्के आर्द्रतेचा, १० ग्रॅमहून जास्त नेतो. दिवसाचा हिशेब ११ लिटरच्या वर जातो. चौघांचे ते १० लिटर इथे फिटतात.

याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. एवढी हवा १५ अंशांनी तापवायला तासाला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त ऊर्जा लागते. म्हणून दुसऱ्या प्रकारात दोन नळ्या असतात. बाहेर जाणारी उबदार हवा आत येणाऱ्या थंड हवेला, तिच्यात न मिसळता, आपली ऊब देऊन जाते, आणि चांगल्या यंत्रात ८० टक्क्यांहून जास्त ऊब परत मिळते. मात्र फटी असलेल्या जुन्या घरात हा खर्च वाया जातो, आणि नळ्यांसाठी छतं फोडावी लागतात ती वेगळीच.

मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने त्याचा श्वसनविकार जिवावर बेतला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये चौकशीत निघाला. त्याच्या आईवडिलांनाही दोष ‘तुमच्या राहण्याच्या पद्धतीचा’ असंच ऐकावं लागलं होतं. ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सोशल हाउसिंगच्या, म्हणजे कमी भाड्याने घरं देणाऱ्या नगरपालिका आणि संस्थांसारख्या घरमालकांना ओल-बुरशीच्या गंभीर तक्रारीची १० कामाच्या दिवसांत तपासणी करावी लागते. त्या कायद्याला अवाबचंच नाव आहे.

हाच पंखा जुलैत चिपळूणच्या घरात लावला तर? तिथे २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा घनमीटरमागे २३ ग्रॅम वाफ घेऊन उभी असते. आतली हवा तेवढीच दमट, त्यामुळे अदलाबदलीने कुबट वास जाईल, पण भिंत वाळणार नाही. तिथे वाफ गार पृष्ठभागावर गोळा करूनच काढावी लागते. एसीच्या नळीतून ठिबकतं ते हेच पाणी. आणि एसी लावलेल्या खोलीच्या काचेवर मुंबईत पावसाळ्यात दव धरतं, ते बाहेरच्या बाजूने.