कुंद्याचे दूध कोणते? सीमाभागातल्या दुधाची पार्श्वभूमी

कुंदा, म्हणजे दूध आटवून केलेली बेळगावची मिठाई, पूर्वीसारखा लागत नाही, ही तक्रार बेळगावात नवी नाही. दोष कधी हलवायाच्या हाताला दिला जातो, कधी साखरेला. दुधाचा विषय मात्र क्वचितच निघतो. खरे तर गेल्या साठ-सत्तर वर्षांत या पट्ट्यात सर्वांत जास्त बदलले ते दूधच.

पूर्वी इथे बाजारचे दूध म्हणजे म्हशीचेच. गाय पाळायची ती प्रामुख्याने बैलासाठी. खिलार गाईच्या धारेवर कुणी धंदा करत नसे. चिकोडी-निपाणीकडे लांब शिंगांच्या पंढरपुरी म्हशी, पूर्वेच्या तालुक्यांत धारवाडी, खानापूरच्या रानात गवळी धनगरांची जनावरे. गाईचे दूध तान्ह्या बाळाला, आजाऱ्याला आणि देवाला. खीर, बासुंदी, श्रीखंडाचा चक्का, भाकरीवरचे लोणी हे सगळे म्हशीच्या दुधावर चाले. म्हणून जुन्या पाककृतींत नुसते 'दूध' लिहिलेले असते. कोणते, हे सांगायची गरजच पडली नव्हती.

कुंद्याचे श्रेय राजस्थानातून येऊन बेळगावात स्थिरावलेल्या मिठाईवाल्या घराण्यांना दिले जाते. त्यांनी इथले हेच दूध कढईत घातले. रुंद कढई, सारखे हलवणे, कडेला धरलेली साय खरवडून पुन्हा मध्ये ढकलणे. दूध आटत आले की बुडबुडे जड होतात, उलथन्याला रवाळ गोळा लागू लागतो आणि कडेने तूप सुटते. साखर पडल्यावर पुन्हा मंद आच, रंग तपकिरी होईपर्यंत. हे तूप सुटणे आणि रवा धरणे म्हशीच्या दुधात होते, कारण त्यात स्निग्धांशही जास्त आणि केसीन हे प्रथिनही जास्त. गाईच्या दुधाचा खवा कमी पडतो, पिवळसर आणि चिकट होतो, जिभेला किंचित खारट लागतो. उलट दूध नासवून छेना करायचा असेल तर गाईचेच दूध हवे. म्हशीचा छेना घट्ट, रबरासारखा होतो. पण रसगुल्ला आपल्याकडचा नव्हे, त्यामुळे ती उणीव इथे कुणाला जाणवली नाही.

या सगळ्याला धक्का बसला तो टोन्ड दुधाने. त्याचा उगम १९४० च्या दशकातल्या मुंबईत. तेव्हा बेळगावही मुंबई इलाख्यातच होते. युद्धानंतर शहरात दुधाची टंचाई होती आणि म्हशीचे दूध कामगाराच्या खिशाला परवडत नव्हते. त्यावर उपाय निघाला तो असा: म्हशीच्या दुधात स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी मिसळायचे, फॅट तीन टक्क्यांवर आणायचे, पण भुकटीमुळे बाकीचे घन घटक टिकवायचे. एका लिटरचे जवळजवळ दोन लिटर होत आणि ते स्वस्तात विकता येई. हेतू चांगला होता, याबद्दल दुमत नसावे. गरिबाच्या पोराच्या पोटात प्रथिने गेली.

वाद होता तो वेगळाच. गवळ्याने दुधात पाणी घातले तर दंड, आणि तेच शासनाच्या योजनेत झाले की पोषण? भुकटी घातलेली असते, माप जाहीर असते, दर कमी असतो, हे उत्तर शास्त्राच्या अंगाने बिनतोड आहे. स्वयंपाकाच्या अंगाने मात्र ते अपुरे पडते. टंचाईवरचा तोडगा म्हणून आलेले दूध टंचाई सरल्यावरही राहिले आणि हळूहळू तेच 'साधे दूध' ठरले. १९७० पासूनच्या दूधमहापुराच्या (ऑपरेशन फ्लड) योजनेत युरोपातून मदत म्हणून आलेली भुकटी आणि बटर ऑइल शहरांतल्या दुधात मिसळले गेले, तेव्हा ही सवय देशभर पक्की झाली.

मधल्या काळात सीमाही आली होती. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. भाषेचा आणि नोकऱ्यांचा विषय सगळ्यांना ठाऊक आहे. दुधाचा फारसा कुणी मांडत नाही. भेसळविरोधी नियमांत म्हशीच्या दुधाचे किमान फॅट राज्यागणिक वेगळे होते: महाराष्ट्रात ६ टक्के, कर्नाटकात ५. म्हणजे साडेपाच फॅटचे दूध महाराष्ट्रातल्या शिनोळीत कमअस्सल आणि थोड्याच अंतरावर बेळगावात शुद्ध. म्हशीला सात फॅट लागले असेल तर थोडी साय काढून घेतली तरी बेळगावात दूध मापात बसे, आणि काढली हे सिद्ध करणे कठीण. अलीकडे देशभर एकच माप झाले, म्हशीला ५ आणि गाईला ३.२. सहाच्या बाजूला जाण्याऐवजी सगळे पाचावर उतरले. माझ्या मते हे उलटे झाले.

दरम्यान गावोगाव डेअऱ्या उभ्या राहिल्या. कर्नाटकात हे काम आधी दक्षिणेच्या जिल्ह्यांत सुरू झाले, आपल्याकडे उशिरा आले. सकाळी किटली घेऊन डेअरीला दूध घालायचे, फॅट आणि डिग्री (लॅक्टोमीटरवरचा घनतेचा आकडा) बघायची आणि त्यावर दर. होल्स्टीन आणि जर्सीच्या संकरातून आलेली गाय म्हशीपेक्षा कितीतरी जास्त दूध देते, म्हणून गोठ्यात तिची संख्या वाढली. शेतकऱ्याच्या घरी दर दहा दिवसांनी बिल येऊ लागले, हा फायदा मोठा आहे. रतीब घालणारे मात्र कमी झाले. आता बेळगावच्या दुकानात दोन्ही राज्यांच्या पिशव्या शेजारी-शेजारी असतात आणि पिशवीचा रंग कंपनीगणिक बदलतो. त्यामुळे रंग बघून दूध घेण्यात अर्थ नाही, फॅटच्या टक्क्यांचा आकडा वाचावा: डबल टोन्ड १.५, टोन्ड ३, स्टँडर्डाइज्ड ४.५, फुल क्रीम ६. होमोजिनाइज्ड, म्हणजे स्निग्धांशाचे कण बारीक करून दुधात एकजीव केलेले असेल तर साय धरणार नाही. चहाला ते छान, लोण्यासाठी निरुपयोगी. चीक तर पिशवीत मिळणेच शक्य नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत तो दूध ठरत नाही. खरवसासाठी अजूनही व्यालेली म्हैस ओळखीत असावी लागते.

खव्याचा हिशेब तर कायद्यातच आहे. खव्याच्या कोरड्या वजनात किमान ३० टक्के स्निग्धांश हवा. टोन्ड दुधात ३ फॅट आणि ८.५ इतर घन घटक, म्हणजे प्रमाण २६ टक्के. ते कितीही आटवले तरी कायद्याने त्याला खवा म्हणता येत नाही. किमान मापाचे गाईचे दूधही २८ च्या आसपासच अडकते. स्टँडर्डाइज्ड ३४ च्या पुढे जाते, म्हशीचे ३५ च्या पुढे, फुल क्रीम ४० वर. घरी कुंदा करणाऱ्याने रतिबाचे म्हशीचे दूध मिळत नसेल तर फुल क्रीम घ्यावे, आणि टोन्ड पिशवी ताकासाठी, कढीसाठी ठेवावी.