आधी रिंगा बसू द्या

‘नवीन इंजिन आहे, पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर काढू नको.’ आपल्याकडे हा सल्ला गाडीच्या चावीबरोबर फुकट मिळतो. दुसऱ्या टोकाला रीलवाली मंडळी. काल जुळवलेलं इंजिन आज डायनोच्या, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, रोलरवर चढवायचं, पहिल्याच दमात लाल रेषेपर्यंत पिळायचं आणि स्क्रीनवर आलेला हॉर्सपॉवरचा आकडा मिरवायचा. पहिल्या सल्ल्याने पिस्टनच्या रिंगांचं, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरमधली फट बुजवणाऱ्या कड्यांचं, नुकसान होतं, दुसऱ्याने बाकी सगळ्याचं.

उदाहरणाला टोयोटा सुप्राचं ‘टूजेझेड-जीटीई’ घेऊ. नव्वदच्या दशकातलं हे जपानी इंजिन: सहा सिलिंडर एका रांगेत, २९९७ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही ८६ मिलीमीटर, बिडाचा जाडजूड ब्लॉक. कागदावर २८० हॉर्सपॉवर. पण ब्लॉक बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून किंचित रुंद करून, फोर्ज्ड (घडीव) पिस्टन आणि मोठा टर्बो टाकून याच्यातून दुप्पट-तिप्पट ताकद काढणारे गॅरेजवाले जपानपासून अमेरिकेपर्यंत आहेत. असं इंजिन नव्याने बांधलं की ट्यूनिंगच्या आधी त्याचं रनिंग करावं लागतं, म्हणजे बेताने चालवून रिंगा बसवाव्या लागतात. का, ते समजायला सिलिंडरच्या आत डोकवावं लागेल.

बोअर केल्यानंतर सिलिंडरला होनिंग करतात. फिरत्या दगडांनी आतून एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या रेघा मारल्या जातात. टॉर्चच्या उजेडात ती जाळी स्पष्ट दिसते. रेघांची खोली काही मायक्रॉन. आपला केसच साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. या जाळीत उंचवटे असतात आणि दऱ्या असतात. दऱ्यांनी तेल धरून ठेवायचं, हे त्यांचं काम. उंचवटे मात्र सुरुवातीला नको तेवढे टोकदार असतात, आणि नवी कोरी रिंग फक्त त्या टोकांवर टेकलेली असते. मधल्या फटींतून जळालेला गॅस खाली तेलाच्या टाकीत निसटतो. त्यात हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, बोल्ट आवळले की सिलिंडरचा गोल किंचित बिघडतो. म्हणून चांगला मशीनशॉपवाला होनिंग करताना ब्लॉकवर जाड टॉर्क प्लेट आवळतो, म्हणजे हेड बसल्यावर येणारा ताण आधीच येतो आणि त्याच अवस्थेत गोल साधला जातो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. रिंगेला भिंतीवर दाबतं कोण? ‘तिची स्प्रिंग’ असं बहुतेक जण सांगतील. एका ठिकाणी कापलेली, स्वतःच्या ताणाने बाहेर फाकणारी धातूची रिंग ही कल्पना इंग्लंडच्या जॉन रॅम्सबॉटमची, १८५२ सालची, वाफेच्या इंजिनासाठी. पण पेट्रोल इंजिनात हा ताण तुटपुंजा ठरतो. खरा जोर येतो गॅसचा. ज्वलनाच्या वेळी गॅस रिंगेच्या वरच्या फटीतून खाचेत शिरतो आणि रिंगेला पाठीमागून भिंतीवर रेटतो.

हिशोब करून पाहू. ८६ मिलीमीटर व्यासाचा परीघ साधारण २७० मिलीमीटर. रिंगेची उंची १.२ मिलीमीटर धरली, तर पाठीचं क्षेत्रफळ सुमारे ३२५ चौरस मिलीमीटर. सिलिंडरमधला दाब ६० बार, म्हणजे दर चौरस मिलीमीटरला ६ न्यूटन. गुणाकार केला की १९५० न्यूटन, जवळजवळ दोनशे किलोचा भार! रिंगेच्या पुढच्या बाजूनेही थोडा दाब उलटा येतो, त्यामुळे निव्वळ जोर यापेक्षा कमी भरतो, आणि तोही क्षणभरच. तरी रिंगेचा स्वतःचा ताण यापुढे काहीच नाही.

हा क्षण नेमका कुठे येतो, तेही पाहण्यासारखं आहे. दाब सर्वांत जास्त असतो तेव्हा पिस्टन अगदी वरच्या टोकाच्या आसपास, जवळपास थांबलेला असतो. मिनिटाला ६००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १००, आणि प्रत्येक फेरीत वर एकदा, खाली एकदा असं पिस्टन सेकंदाला दोनशे वेळा थांबतो. तेलाचा थर टिकतो तो हालचालीमुळे. वेग, तेलाची घट्टता आणि भार यांवर घर्षण कसं बदलतं, ते जर्मनीत श्ट्रिबेक या अभियंत्याने १९०२ साली आलेखात मांडलं होतं. वेग शून्यावर आला की थर विरतो आणि धातू धातूला भिडतो. तिथे उंचवट्यांची टोकं घासली जातात, सपाट पठारं तयार होतात आणि दऱ्या शाबूत राहतात. रिंग बसते ती अशी. खूप चाललेल्या इंजिनाचं हेड उघडून सिलिंडरच्या वरच्या काठाजवळ नख फिरवा, एक पायरी लागते. तीच ही जागा.

यावरून चाळीसच्या सल्ल्याची गोची लक्षात येईल. भार नाही तर दाब नाही, दाब नाही तर रिंग रेटली जात नाही. टोकं तशीच राहतात, आणि भिंतीवर करपलेल्या तेलाचा चकचकीत लेप चढून दऱ्या बुजतात. मग गाडी निळा धूर सोडते, ‘इंजिन तेल पितंय’ अशी तक्रार येते आणि पुन्हा इंजिन खोलून होनिंग. पण भार म्हणजे आरपीएम नव्हे, हे रीलवाल्यांनी ऐकावं. फेऱ्या दुप्पट केल्या की पिस्टनच्या जडत्वाचे झटके चौपट होतात, आणि बेअरिंग अजून सरावलेले नसतात. म्हणून जाणकार मधल्या फेऱ्यांवर, साधारण अडीच ते चार हजारांत, काही सेकंद थ्रॉटल बऱ्यापैकी दाबतात, मग सोडून गाडीला गिअरमध्येच मंदावू देतात. पुन्हा तेच, दर वेळी थोडा जास्त भार. जुन्या अमेरिकन व्ही-एट (आठ सिलिंडरच्या) इंजिनांची तऱ्हा वेगळी: त्यांच्या सपाट टॅपेटच्या कॅमला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, उडालेल्या तेलावर भागवावं लागतं, म्हणून सुरू होताच वीस-तीस मिनिटं दोन हजारांच्या वर ठेवतात. रिंगांना हे आवडत नाही, पण कॅम वाचवणं जास्त निकडीचं असतं.

घासलेला धातू तेलात उतरतो. नव्याने टाकी लावलेल्या जात्यातलं पहिलं पीठ कच लागतं म्हणून बाजूला काढतात, तसंच पहिलं तेल लवकर काढून टाकायचं. फिल्टर कापून त्याचा घडीचा कागद पसरून बघतात. करडी, चुंबकाला चिकटणारी बारीक पूड अपेक्षितच असते. तांबूस चमक दिसली, तर बेअरिंगची शंका घ्यायची. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधलीत तर इंजिनाला निदान अपाय तरी होत नाही. ‘घर्षण शून्य’ म्हणणाऱ्या बाटल्या मात्र या काळात ओतू नका, कारण इथे थोडं घर्षणच हवं आहे. सिंथेटिक तेलाने रिंगा बसतच नाहीत, हाही अतिरेक आहे. १९९२ पासून कॉर्व्हेट ही अमेरिकन स्पोर्ट्स कार कारखान्यातूनच सिंथेटिक तेल भरून बाहेर पडते. पण कारखान्यात होनिंग करतानाच ती टोकं उडवून पठारं तयार करता येतात. गॅरेजमध्ये बांधलेल्या एकुलत्या एका इंजिनाला प्रत्येक वेळी ती चैन नसते.

मग ट्यूनिंग नंतर का? ट्यूनिंग म्हणजे प्रत्येक आरपीएमला आणि भाराला किती पेट्रोल आणि ठिणगी कधी, याचा नकाशा. रिंगा गळत असताना सिलिंडरमधला दाब कमी भरतो. त्या दाबावर ठिणगी आधी पडेल अशी बसवली, की रिंगा बसल्यावर, दाब वाढल्यावर तीच ठिणगी लवकरची ठरते. मग नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा अवेळी होणारा स्फोट, आणि रिंगांच्या मधली पिस्टनची कड तुटते. उलट, गळक्या रिंगांमधून वर येणारं तेल जळतानाही नॉकिंगला हातभार लावतं, म्हणजे ट्यूनर भलत्याच कारणासाठी ठिणगी उशिरा पाडतो.

तरी नकाशाशिवाय इंजिन सुरूच होत नाही. मोठे इंजेक्टर लावलेत आणि पेट्रोल जास्त पडतंय, तर ते भिंतीवरचं तेल धुऊन काढतं, खाली जाऊन तेल पातळ करतं आणि रिंगा बसण्याऐवजी ओरखडतात. म्हणून आधी हलक्या भाराचं मिश्रण नीट करतात, बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) वेस्टगेटच्या, म्हणजे तो दाब आवरणाऱ्या झडपेच्या, स्प्रिंगवर, म्हणजे किमान ठेवतात, मग रनिंग, मग तेल बदल. शेवटी लीक-डाऊन, म्हणजे गळतीची चाचणी: पिस्टन वर आणून स्पार्क प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि किती टक्के निसटते ते मीटरवर वाचायचं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेलाच्या झाकणातून आली तर रिंगा. सहाही सिलिंडरचे आकडे कमी आणि एकमेकांच्या जवळ आले, की बूस्ट वाढवायला हरकत नाही.